कूलरखालची भिंत

ये, जवळ सरक. उंबऱ्यात पाहुण्यासारखी काय उभी राहिलीस? आणि तो फोन आधी पालथा ठेव. मावशीकडे येतेस ती दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, त्यातही अर्धा जीव त्या फोनमध्ये. नागभीडला जंक्शन नसतं तर तुझं तोंडही दिसलं नसतं मला. बस. आज तुला पंचफुलाबाईबद्दल सांगते. तू तिला कधी पाहिलं नाहीस.

पंचफुलाबाई रंगारीण होती. घरं आतून रंगवायची. चंद्रपूरचं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मी तिला बोलावलं. पहिल्या दिवशी आली ती सायकलवर, हँडलला दोन डबे लटकवून. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची, साडीवरून नवऱ्याचा फुलशर्ट घातलेला, डोक्याला फडकं. चपला बाहेर काढल्या आणि ना नमस्कार ना चमत्कार, सरळ बैठकीत जाऊन भिंतीला गाल टेकून डोळे मिटून उभी राहिली. मी घाबरले. म्हटलं, "बाई, चक्कर आली का? पाणी देऊ?"

"थांबा ना काकू, पाहून राह्यली."

"डोळे मिटून?"

"ओल डोळ्यानं दिसत नाई. गालाले समजते."

असा एकेका भिंतीला गाल लावत तिनं पूर्ण घर फिरून पाहिलं. मग मला विचारलं, "कूलर कुठी लावत होत्या?" मी मधल्या खोलीची खिडकी दाखवली. तिथे तिनं गालही लावला नाही. नुसता हात ठेवला आणि म्हणाली, "हं. चंद्रपूरचं घर पाहाचं तं कूलरखालची भिंत पाहाची. बाकी सगळं दिखावा."

आता तुला आधी घराचं सांगायला पाहिजे. तुझे काकाजी वीज केंद्रात होते. क्वार्टर सोडून ऊर्जानगरच्या बाहेरच्या लेआउटमध्ये आम्ही ते घर बांधलं. सकाळी खिडकी पुसावी आणि संध्याकाळी तिच्यावर बोटानं नाव लिहावं, इतकी काळी धूळ. पण घर आपलं होतं. काकाजी गेले, आणि एवढ्या मोठ्या घरात मी एकटी उरले. इकडे नागभीडला माझ्या धाकट्या बहिणीच्या, तुझ्या धाकट्या मावशीच्या, अंगणाला लागून हे दोन खोल्यांचं घर विकाऊ झालं. मालक रेल्वेतून रिटायर झालेले, मुलाकडे निघालेले. भला माणूस. म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही थांबता येणार." बहिणीच्या घरात राहणं वेगळं आणि बहिणीच्या शेजारी राहणं वेगळं, हे तुला माझ्या वयाची झाल्यावर समजेल. मला शेजारी राहायचं होतं. म्हणजे दिवाळीच्या आत चंद्रपूरचं घर गेलं पाहिजे. दसरा तोंडावर आला होता.

तर पंचफुलाबाईनं काम सुरू केलं. आधी ती गवंड्याच्या हाताखाली टोपली उचलायची. रंगाऱ्यांना डबे देता देता बघून बघून शिकली. पुरुष रंगारी हसायचे, बाई घोडीवर चढते म्हणून. घोडी म्हणजे ती दोन्हीकडे पाय फाकून उभी राहणारी शिडी. ती त्यांना म्हणायची, "घोडीले समजत नाई, वर बाई हाये का माणूस." जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस ती कोणाचंच काम घ्यायची नाही. वस्तीतलं विहार एकटी रंगवायची. कोणी दुप्पट देतो म्हटलं तरी नाही.

माझ्या घरात तिनं पहिला हात घातला तो स्वयंपाकघराला. मी म्हटलं, बैठकीपासून का नाही? "घेणारा माणूस बैठकीत बसते काकू, घेणारी बाई आत जाते. आन् घर बाईच घेते." फोडणीचे थर तिनं धुण्याच्या सोड्यानं धुतले. देवघराच्या कोनाड्यापाशी थांबली. "तुमचे देव तुमी उचला काकू. काजळी मी उचलतो." असं बोलून स्वतःच खुदकन हसली. दारांच्या मागच्या भिंती, कपाटांची आतली बाजू, सगळीकडे ब्रश फिरला. खिळ्यांची भोकं एकेक करून बुजवली. काकाजींचा फोटो काढताना मात्र तिनं मला हाक मारली, स्वतः हात लावला नाही.

रंगावरून आमचं वाजलं. मला गुलाबी हवा होता. ती म्हणे, मोतिया. "अहो, माझं घर आहे!" मी म्हटलं. "होतं," ती म्हणाली. "तुमी चालल्या. आता येणाऱ्या बाईले तिचं सामान इथी मांडून पाहू द्या. तुमच्या गुलाबीत तिले तिचं घर कुठी दिसन?" मला राग आला. रडूही आलं. पण मोतियाच मारला.

आणि मग तिनं ती कूलरखालची भिंत घेतली.

हा आपल्याकडचाच घोळ आहे बघ. उन्हाळ्यात आपण कूलर खिडकीला असा चिकटवून बसवतो की वाळ्याची थंड हवा कणभरही वाया जाऊ नये. नळी लावतो, टाकी भरेपर्यंत डोळा लागतो, पाणी भरून वाहतं आणि भिंतीतून खाली उतरतं. दर उन्हाळ्यात. आमच्याकडे किती उन्हाळे झाले असतील, तूच धर. वरून रंगाचे पोपडे, आत लोणा, म्हणजे भिंतीला फुटणारं मीठ. आम्ही काय करायचो? भिंतीपुढं कपाट सरकवायचो.

दलालही तेच म्हणाला. आमचा दलाल तोंडानं गोड. "बाई, पुट्टीचे दोन हात मारा, वर गडद रंग द्या, पुढं कपाट ठेवा. दिवाळीपर्यंत कोण पाहते?" पंचफुलाबाईनं ऐकून घेतलं, हातोडी-छन्नी घेतली आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंतचा सगळा गिलावा खाली पाडला. विटा उघड्या. पांढरं मीठ फुललेलं. माझ्या चकचकीत मोतिया घरात एक सोललेली भिंत!

"हे काय केलं?" दलाल ओरडला. "घेणारा येऊन राह्यला उद्या!"

"येऊ द्या ना भाऊ. तुमी घर दाखवा, मी भिंत दाखवतो. दोघाचं काम येगळं हाये."

दुसऱ्या दिवशी एक साहेब आले. बैठक आवडली, स्वयंपाकघर आवडलं. मधल्या खोलीत पाय ठेवला आणि विटा पाहून आल्या पावली निघाले. चहाही घेतला नाही. दलाल माझ्यावर चिडला, मी पंचफुलाबाईवर. जे तोंडात आलं ते बोलले. "तुमचं काय जातं? घर माझं आहे. नागभीडचं घर गेलं तर मी कुठं राहू? उद्या भिंत बुजवा, नाहीतर दुसरा रंगारी आणते."

ती पायरीवर बसून ब्रश धूत होती. धूतच राहिली. मग म्हणाली, "आणा. मले राग नाई येणार. पण त्याले सांगजा का आत ओल हाये." आणि का, तेही तिनं सांगितलं. पूर्वी एका दलालाच्या सांगण्यावरून तिनं अशीच एक ओली भिंत पुट्टीनं झाकली होती. घर विकलं गेलं. नव्या घरवाल्यांची सून बाळंतपणाला त्याच खोलीत. पावसाळ्यात रात्रंदिवस ओल आणि एक दिवस गिलाव्याचा ढपला खाली आला तो पाळण्याच्या दांडीवर. "हातभर इकडं आला असता तं..." मग आपल्या खर्चानं तिनं ती भिंत नीट करून दिली. "त्या पोरीनं मले शिवी नाई देल्ली. चहा पाजला. शिवी देल्ली असती तं बरं होतं. तवापासून ओल्या भिंतीवर माझा ब्रश चालतच नाई काकू. हातच उचलत नाई."

सामान आवरून ती सायकलवर गेली. मी बसले त्या उघड्या भिंतीसमोर. विटेवर हात ठेवला. थंडगार. कपाटाशेजारी याच भिंतीला लागून माझी खाट होती, इतकी वर्षं. काकाजींचे शेवटचे महिनेही याच खाटेवर गेले. उद्या इथे कोणाची खाट पडेल? मी दलालाला फोन लावला. म्हटलं, भिंत उघडीच राहील, ज्याला पाहायची त्यानं पाहावी. मग नागभीडला मालकांना फोन केला. खरं सांगितलं, की दिवाळीपर्यंत जमेल की नाही ठाऊक नाही. ते "बरं" म्हणाले. थांबेन असं म्हणाले नाहीत. पण माझं ठरलं होतं. सकाळी पंचफुलाबाई आलीच. मी तिच्यासाठी चहा टाकला.

दिवाळीला आठवडा उरला असताना एटापल्लीहून एक नर्स आली. बदली होऊन चंद्रपूरला येत होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही सिस्टरच म्हणते. सोबत सासू. लुगड्यातली, कपाळावर गोंदण, नजर अशी की भिंतीच्या पार जाईल. सिस्टर घर पाहत होती आणि सासू नुसती सोललेल्या भिंतीसमोर उभी.

"हे काऊन सोललं?"

"कूलरचं पाणी मुरलं होतं, माय," पंचफुलाबाई म्हणाली. "वाळत घातली भिंत."

"आन् बाकीच्या? त्याईच्या आत काय हाये ते रंग मारल्यावर मले कसं समजन?"

दलाल पुढं झाला. "आजी, बाकीचं घर एकदम कोरडं..."

"तुले नाई इचारलं, बाबू."

पंचफुलाबाईनं कमरेची खरवडायची पत्ती काढली आणि म्हातारीच्या हातात दिली. "घ्या. वाटन तिथी खरवडा."

अगं, नुकताच वाळलेला मोतिया रंग. मला वाटलं, म्हातारी दाराआडचा एखादा कोपरा पाहील. कुठलं! ती बैठकीत गेली आणि बरोबर मध्यावर, डोळ्यांच्या समोर, खर्रकन ओढली. भुकटी तळहातावर घेतली, चोळली आणि जिभेच्या टोकाला लावली. दलालानं डोक्याला हात लावला.

"खारट नाई," म्हातारी म्हणाली.

मग मधल्या खोलीत दुसऱ्या भिंतीवर खर्रकन. स्वयंपाकघरात खर्रकन. प्रत्येक ठिकाणी जीभ. पंचफुलाबाई तिच्या मागं मागं शांतपणे, जणू दोघी बाजारात वांगी निवडत होत्या. शेवटी म्हातारीनं पत्ती परत दिली आणि सुनेला म्हणाली, "घे. जे खराब हाये ते दिसून राह्यलं."

पण सिस्टर शहाणी. तिनं विचारलं, "आणि ही भिंत कोण नीट करून देईल? पैसे घेतल्यावर कोणी येत नाही."

"संक्रांतीपर्यंत अशीच उघडी ठेवाची. धूळ पडन, पाहुणे नाक मुरडतीन, तरी ठेवाची. आन् कूलर लावान तं स्टँडवर, भिंतीपासून हातभर दूर. मग मी येईन, गिलावा करून रंग मारीन. रंग तुमी सांगान तो."

"आणि नाही आलात तर?"

पंचफुलाबाईनं बाहेर जाऊन आपली घोडी आत आणली आणि त्या भिंतीला टेकवून ठेवली. "ही इथीच राह्यते. हिच्याबिगर मले काम नाई. येणंच पडन."

दिवाळीच्या दोन दिवस आधी कागद झाले. मी नागभीडला आले, या घरात. पंचफुलाबाईनं ऐन हंगामात दुसऱ्याची घोडी मागून मागून कामं केली, असं नंतर कळलं. संक्रांत झाल्याबरोबर ती गेली, भिंत केली आणि आपली घोडी घेऊन आली. सिस्टरनं मला फोनवर भिंत दाखवली. आकाशी रंग.

मला तिच्यामुळे काय मिळालं ते सांगते. विकलेल्या घराच्या गल्लीतून माणसं मान खाली घालून जातात. मी डोळ्यांच्या तपासणीला चंद्रपूरला गेले की त्याच घरी उतरते. सिस्टर मला स्टेशनवर घ्यायला येते. म्हातारी माझ्यासाठी खाट टाकून ठेवते.

गेल्या पावसाळ्यात सिस्टरचाच फोन आला. पंचफुलाबाई गेली. दोन दिवस ताप, आणि संपलं. मी पहिली गाडी पकडली. सिस्टरनं स्कूटरवर बसवून पंचफुलाबाईच्या वस्तीत नेलं. अंगण बायकांनी भरलेलं, ओळखीचं कोणीच नाही. ऊर्जानगरच्या, बाबुपेठेच्या, कुठल्या कुठल्या. मी एका बाजूला टेकले. शेजारच्या बाईनं पदरानं डोळे पुसले आणि मला हळूच विचारलं, "तुमची कोणती भिंत?"

मी सांगितलं. तिनं तिच्या न्हाणीघराची सांगितली. पलीकडची सरकून जवळ आली, तिची जिन्याखालची होती. असं एकेक करत सगळं अंगण बोलतं झालं. कोणाची कुठली भिंत तिनं आधी झाकायला नकार दिला आणि मग कशी नीट केली, हेच. पंचफुलाबाईच्या सुनेनं आत चहा ठेवला तरी कोणी उठेना.

बघ, तुझ्या गाडीची वेळ झाली. जा, पण माझं ऐक. पुढच्या सुट्टीत दोन दिवस काढून ये. आपण दोघी सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला जाऊ. सिस्टरला मी सांगूनच ठेवलंय, आणि म्हातारी दर फोनला विचारते, भाचीला कधी आणतेस म्हणून. माझेही गुडघे आता फार वाट पाहणारे नाहीत. लवकर ये गं.