शांताबाईंना निरोप दिला, की काय दिलं?

मंडळी, आज मानोऱ्याच्या आमच्या शाळेत विचित्रच झालं. झाडलोट आणि पाणी भरण्याचं काम ठेकेदाराकडे गेलं, म्हणून शिपाईबाई शांताबाईंना निरोप दिला. निरोपसमारंभाच्या सतरंज्या त्यांनीच अंथरल्या. मी संस्कृतप्रचुर भाषण ठोकलं. बाई सोडून सगळे पेंगले.

भाषण संपताच ठेकेदार म्हणाला, "बाई, उद्या सकाळी येजा. काम तेच हाय."

मी म्हटलं, "अभिनंदन! शास्त्रात पुनर्जन्माला निदान मरावं तरी लागतं."

बाई हसल्या नाहीत. "गुरुजी, आजवर मले काढाले सरकारी हुकूम लागे. उद्या यानं 'येऊ नको' म्हटलं, तं मी कोणाकडे जाऊ?"

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, त्यांनी ठेकेदाराकडे आणि ठेकेदारानं घड्याळाकडे.

तुम्हीच सांगा, बाईंना कोणाकडे पाठवू?