पंचांसमोरची काडी

आमच्या समाजात त्या काळी नवराबायकोला वेगळं व्हायला वकील लागत नसे, एक काडी पुरे होई. पंचांना बोलवायचं, त्यांच्यासमोर नवऱ्यानं काडी मोडायची, की संसार संपला. माझ्या आईबाबांचा असाच संपला. आईनं उमरेडला पाट लावला (म्हणजे दुसरं लग्न केलं), आणि बाबांनी पाट लावून तांडापेठेतल्या आमच्या घरी सावत्र आई आणली; तिला मी मावशी म्हणे. मी दहा वर्षांची. नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं, आणि त्या अख्ख्या राजधानीत माझ्याइतकं संशयी माणूस पोलिसांतही नसेल!

संशयाचं शिक्षण मला आत्याबाईंनी दिलं. या बाबांच्या मोठ्या बहीण, शेजारीच राहत.

"सावत्र माय गोड खाऊ घालू लागली, की समजून जाय पोरी."

"काहून?"

"काहून म्हणजे? उगाच कोणी गूळ देते का वं?"

मावशी तर रोज माझ्या भाकरीवर तूप-गूळ घाली. झालं! मी पहिला घास मांजरीला घालायची आणि ती मरते का ते बघत बसायची. मांजर मेली नाही. तीन महिन्यांत अशी लठ्ठ झाली, की बाबांच्या हातमागाखाली शिरली तर ओढून काढावी लागे.

मग मी दुसरा उपाय धरला. बाबा मागावर विणत बसले, की त्यांच्या पुढ्यात एक काडी नेऊन ठेवायची.

"हे काय वं?"

"काडी."

"कशाले?"

"असू द्या. लागली तर."

बाबा त्या काडीनं कान कोरायचे आणि पुन्हा धोटा फेकायला लागायचे. एवढ्या काड्या दिल्या, पण एक मोडतील तर शपथ!

दिवाळीत आई मला भेटायला येणार होती. सकाळपासून नवा परकर घालून मी उंबऱ्यावर बसले. दुपार गेली, ऊन उतरलं, तेव्हा निरोप आला, तिच्या नव्या बाळाला ताप आहे, येणं होत नाही. मावशीनं सुताचा रहाट उचलून उंबऱ्यापाशी आणला आणि माझ्या शेजारी बसून बाबांच्या धोट्यासाठी कांड्या भरू लागली, रोज माझ्या वाटणीला येत त्यासुद्धा. अंधार पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. मला फार रडू आलं, आणि ती मला फार आवडली. आपण भलत्याच माणसाला हाकलायला निघालो होतो, हे मला तेव्हा कळलं.

आता उलटा कारभार! घरातली काडीन् काडी मी लपवायला लागले. झाडू छपरात खोचला. दातवणं विहिरीत गेली.

"माह्यं दातवण कोठी गेलं?" बाबा ओरडत.

"मले काय माहीत!" मी सांगे.

अशात एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "उद्या पंच येऊन राहिले तुमच्या घरी."

"कशाले?"

"मोठ्यायच्या गोष्टी हायेत त्या."

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली (दिवाळी नाही, दसरा नाही!). मावशीनं पुरणपोळ्या केल्या, वडे तळले. हे तिचं निरोपाचं जेवण, मी ओळखलं. चार पंच आले, पोटभर जेवले, अंगणात टेकले. मी दाराआड उभी. एवढ्यात सगळ्यांत म्हातारे पंच बाबांना म्हणाले, "एखादी काडी आण गा."

घरात काडी असेल तर ना! पण बाबांनी सरळ छपरात हात घातला, माझा झाडू बाहेर काढला आणि त्यातली चांगली लांब काडी ओढली. मावशी समोरच उभी होती. बाबांनी काडी दोन्ही हातांत धरली...

"नाही मोडायची!" मी झेप घातली. काडी हिसकावली, पण लपवू कुठे? घातली तोंडात! बाबा एका टोकानं ओढून राहिले, मी दात आवळून राहिले. आणि कट्ट! अर्धी त्यांच्या हातात, अर्धी माझ्या दातांत.

मी भोकाड पसरलं. "मोडली वं मावशी! पंचायसमोर मीच मोडली! आता तू चालली जाशील!"

"अवं पोरी," म्हातारे पंच म्हणाले, "मले दात कोराचे होते! वड्याची डाळ अडकली!"

हळूहळू उलगडा झाला. पाट लावला की पंचांना जेवू घालायची रीत. बाबांची ती वर्षभर राहून गेली होती, तेवढंच.

सगळे हसले. मावशी हसली नाही. तिनं माझं नाक पदरानं पुसलं आणि अर्धी काडी हातात घेतली.

"पंचायसमोर मोडली न तू? म्हणजे तुही-माही काडीमोड झाली. आता कसं करावं?"

मी हुंदके देत पंचांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरीनं मायशी पाट लावावा. दुसरा इलाज नाही."

मावशीनं तिथल्या तिथं माझ्या तोंडात गूळ घातला. मांजरीला न विचारता मी तो खाल्ला, आणि त्या दिवसापासून तिला माय म्हणू लागले.

माझ्या लग्नाला अजून आठ वर्षं होती. पण माझी एक काडीमोड आणि एक पाट तेव्हाच उरकला होता!