कपाळ, छाती, दोन खांदे

प्रेमानंद मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो जमिनीतून वर आला. माणसं दारातून येतात, जीपमधून उतरतात, फार तर कुंपणावरून उडी मारतात. हा लोहाऱ्याजवळ माझ्या साडूच्या रानात भर दुपारी भुईतून उगवला. अंगावर दगडाचा पांढरा भुगा इतका, की त्याला नुसता झटकला असता तरी एका खोलीचा गिलावा निघाला असता. त्या भुग्यात दोन लाल डोळे आणि खाली एक मिशी. मिशीच्या दोन टोकांवर दोन कावळे बसले असते तर एकमेकांना दिसलेही नसते. त्याला पाहून साडूचं कुत्रं जे पळालं ते म्हणे जळकोटच्या हायवेवर जाऊन थांबलं. म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. आणि खुद्द माझा साडू दगडोबा, ज्यानं त्याला स्वतः कामाला लावलं होतं, त्यानंही हात जोडले. न जाणो, रानातला म्हसोबा असला तर!

म्हसोबा लोखंडी डब्यातून बाहेर आला, मिशी झटकली आणि म्हणाला, "पाव्हणं, च्या हाय का सपला?"

प्रेमानंद विहिरी फोडायचा. विहिरीच्या काठावर यारी उभी असते, म्हणजे इंजिनावर चालणारी लोखंडी उचलणी. तिच्या तारेला डबा लटकतो. डब्यातून दगड वर येतात आणि माणसंही. प्रेमानंद खाली उतरायचा, खडकात भोकं पाडायचा, सुरुंग भरायचा, सगळ्यांना वर पाठवायचा आणि शेवटी एकटा राहून वाती पेटवायचा. मग डब्यात उभं राहायचं. वरच्यानं यारीचा दांडा ओढला की डबा वर. नाही ओढला, तर माणूस वर यायचाच, पण तुकड्यातुकड्यानं.

तो दांडा महांतेशच्या हातात असे. महांतेश नळदुर्गाकडचा लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गालात कायम तंबाखू. प्रेमानंद जळकोटच्या बौद्ध घरातला. दोघं दिवसभर एकमेकांना शिव्या घालायचे. "आदरानं बोललं की मांत्याचा हात थरथरतोय," असं प्रेमानंदचं म्हणणं. भोकं पाडायच्या मशिनीला हवा देणारा कॉम्प्रेसर ट्रॅक्टरला जोडलेला होता आणि ट्रॅक्टरचा सेल्फ गेलेला, त्यामुळं तो एकदा बंद केला की ढकलायला आख्खं गाव लागे. म्हणून तो वाती पेटवतानासुद्धा चालूच ठेवायचे. त्या आवाजात खालचा माणूस जीव तोडून ओरडला तरी वर ऐकू येत नसे. जे काय बोलायचं ते हातानं.

दुसऱ्या दिवशी मी काठावरून डोकावलो. प्रेमानंदनं वाती पेटवल्या, डब्यात उभा राहिला आणि उजवा हात कपाळाला लावला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या. महांतेशनं लगेच दांडा ओढला.

मी चहाच्या वेळी विचारलं, "प्रेमानंद, तुम्ही ख्रिश्चन का?"

"न्हाय, पाव्हणं. उस्ताद हुता."

त्याचा उस्ताद याकोब, जालन्याकडचा. दम्यानं आता घरी बसलाय. त्यानं प्रेमानंदला विहिरीचं काम शिकवलं. वात कापायची कशी, पेटवायची कशी, आणि पेटवल्यावर कपाळ, छाती, दोन खांदे. प्रेमानंदला पहिली दोन-तीन वर्षं तो कामाचाच भाग वाटायचा. डोक्यावर टोपी घालावी तसा.

"मग एकदा इच्यारलं, उस्ताद, हे काय करताव? तर म्हनला, कपाळ बापाचं, छाती पोराची, दोन खांदे पवित्र आत्म्याचे. त्यांच्या नावानं आन आमेन."

"आणि हे आलं कुठून?"

"लई जुनं हाय म्हनला. पयलं येवढं मोठं नव्हतं. निस्तं अंगठ्यानं कपाळावर बारीक क्रूस काढायचे. बाया लेकराला तीट लावत्यात, तसं. घरातनं निघताना, जेवताना, दिवा लावताना, पायात चपला घालताना. मग वाढत वाढत छातीला आलं, खांद्याला आलं. काही मुलकात उजवा खांदा आधी करत्यात. म्या म्हनलं, उस्ताद, पर हेचा अर्थ काय? तर म्हनला, सातबाऱ्यावर नाव असतंय का न्हाय? तसं. ही जिमीन कुनाच्या तरी नावावर हाय. बेवारस न्हाय."

एवढं बोलून प्रेमानंदनं बशी चाटूनपुसून साफ केली. धर्मावर इतकं थोडक्यात बोललेला माणूस मी आमच्या तालुक्यात दुसरा पाहिलेला नाही.

महांतेशला मात्र त्या खुणेचा एकच अर्थ माहीत होता: उचल. त्यालाही कारण होतं. एकदा खाली गांधीलमाशी निघाली. प्रेमानंद ती हाकलायला हात झाडायला लागला, महांतेशला वाटलं वर ओढ म्हणतोय. त्यानं डबा उचलला. प्रेमानंदचा एक पाय डब्यात आणि एक बाहेर. तो पाय महिनाभर सुजला होता. तेव्हा प्रेमानंदनंच कायदा केला. "मांत्या, ध्यान दिऊन ऐक. म्या नाचलो, बोंबललो, लोळलो, तरी दांड्याला हात लावायचा न्हाय. खूण दिसली की मगच वढायचं."

महांतेशच्या डोक्यात एक गोष्ट शिरायला वेळ लागतो. पण शिरली की ती यारी लावूनही निघत नाही.

पुढं घोटाळा झाला तो विहारात. जळकोटला रविवारची वंदना झाल्यावर प्रेमानंदला दोन शब्द बोलायला उभं केलं. सुरुंगाला न भिणारा हा माणूस माइकला घाबरला. घाबरला आणि सवयीनं हात गेला: कपाळ, छाती, दोन खांदे. सगळ्या विहारासमोर, बुद्धमूर्तीकडं तोंड करून.

म्हातारे बाबूकाका उठले. "तेहतीस कोट सोडून आलाव आपुन. आता ह्यो वरचा एक कुठनं आनलास रं?"

हसले सगळे. हसली नाही ती श्रावस्ती, त्याची बायको. विहारातल्या महिला मंडळाचं सगळं ती बघायची. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माज्या सासऱ्यानं काय काय सोडलं तवा तुमी सरळ मानंनं उभं ऱ्हाताव. पुन्यांदा ती खूण करनार न्हाय, असं म्हना." प्रेमानंदनं तसं म्हटलं. तिच्यासमोर, वडिलांच्या फोटोसमोर, मनापासून.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. महांतेशला सांगायचं त्याच्या ध्यानात होतं. पण सांगितलं असतं तर महांतेशनं दिवसभर चिडवलं असतं. चहाला सांगू, असं त्यानं ठरवलं. त्या दिवशी सुरुंग चहाच्या आधी भरून झाले.

मी आणि दगडोबा काठावर महांतेशच्या शेजारी उभे होतो. बाकीचे लांब ट्रॅक्टरच्या आडोशाला गेले होते. खाली सावली होती, भुगा तरंगत होता. प्रेमानंद वाकला, एकेका वातीजवळ गेला, मग डब्यात येऊन उभा राहिला. वर बघितलं. आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला.

महांतेश थंडपणे तंबाखू चघळत होता.

"काय म्हणतोय तो?" मी ओरडलो.

"काय न्हाय. आज लई रंगात हाय."

दगडोबानं वरून टाटा केला.

खालचे हात जोरात हलायला लागले. त्यानं टोपी काढून फेकली. डब्याच्या कडेवर बुक्क्या मारल्या. तोंड उघडंझाक होत होतं. ट्रॅक्टरच्या धडधडीत आम्हाला फक्त मिशी वरखाली होताना दिसत होती.

"वाती पेटवल्या का त्यानं?"

"पेटवल्या असत्या तर खूण केली असती की, पाव्हणं."

मी वाकून पाहिलं. भिंतीच्या कडेनं निळसर रेघ वर येत होती. "महांतेश, धूर दिसतोय!"

"बिडीचा असंल."

प्रेमानंद डब्यातून उडी मारून उतरला. एका वातीवर नाचल्यासारखे पाय मारले. ती वात तशी विझत नाही, आतून जळत जाते, हे त्यानंच मला सांगितलं होतं. तो परत डब्याशी आला, वरची तार धरून चढायला लागला. तारेला वंगण होतं. दोन हात चढला आणि घसरून डब्यात आला. मग त्यानं वर तोंड करून हात जोडले.

"आता पाया पडायलंय," महांतेश म्हणाला. "तंबाखू संपली वाटतं." आणि त्यानं खिशातली पुडी काढून खाली टाकली.

ती पुडी प्रेमानंदच्या खांद्यावर पडली. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग आमच्याकडं. आणि क्षणभर तो अगदी स्तब्ध उभा राहिला. कसं कोण जाणे, मला कळलं की या माणसाला आत्ता काहीतरी आठवलंय.

उजवा हात उठला, अर्ध्यात थांबला. हात छातीपाशी अडकून राहिला आणि त्याचं तोंड रडक्या पोरासारखं वाकडं झालं. "कर!" मी का ओरडलो ते मलाही माहीत नाही. त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मग कपाळ. छाती. डावा खांदा. उजवा.

महांतेशनं दांडा ओढला. इंजिन खोकलं, डबा जागेवरच हिसकला आणि थांबला. महांतेशच्या चेहऱ्यावरचा रंग तेव्हा उडाला. त्यानं धुराकडं पाहिलं, दांडा सोडला, परत ओढला, कानडीत काहीतरी किंचाळला. डबा वर यायला लागला. इतका सावकाश, जणू कुणाला घाई नव्हती. काठाशी डोकं दिसताच महांतेशनं त्याची कॉलर धरली, दगडोबानं दंड, मी हाताला लागेल ते. आम्ही त्याला फरफटत ओढला आणि बांधाआड पडलो तोच जमीन खालून उचलली गेली. दगड पावसासारखे कोसळले. डबा तारेवर वेड्यासारखा घंटा वाजवत राहिला.

धूळ बसल्यावर कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला. पहिल्यांदाच शांत झालं.

"खूण कामून केली न्हाईस रं?" महांतेश म्हणाला. आवाज फाटलेला.

"सोडली."

"कधी?"

"काल."

"मग मला कुनी सांगायचं? तुझ्या आज्यानं?"

"च्याला सांगनार हुतो."

महांतेशनं त्याला शिवी दिली नाही. तो बांधावर बसला आणि आपला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. तरी तो हलतच होता.

मग मी प्रेमानंदला मोटारसायकलवरून जळकोटला सोडायला निघालो. वाटेत तो एकदाच बोलला. "पाव्हणं, खूण केली तर तिला तोंड कसं दावू, आन न्हाय केली तर तोंडच ऱ्हात न्हाय. असं झालतं बगा."

श्रावस्ती दारातच भाजी निवडत होती. त्यानं चपला काढायच्या आधी सगळं सांगितलं. पुडीसकट. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. तिनं हातातली मेथीची जुडी निवडून संपवली.

"शबूद मोडला तुमी," ती म्हणाली.

"व्हय."

"बरं केलं."

मग उठून तिनं त्याच्या केसातला भुगा पदरानं झाडला, जरा जास्तच जोरात. "पर आता असं करा. खूण न्हाय करायची म्हनलं तर जीव जातोय, केली तर शबूद. म्हंजी ती खूण लागनार न्हाय असं काम बगा."

"मला दुसरं काय येतंय?"

"शिकताल."

प्रेमानंदनं त्याच आठवड्यात विहिरीचं काम सोडलं. आता तो लोहाऱ्यात एका हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसीचे पाइप कापून देतो.