इंजिनाची पदकं

पाहुणे यायचे म्हटलं की मी आधी यादी करते. धाकट्या बहिणीला बघायला गडहिंग्लजची माणसं येणार होती, तेव्हाही केली: पोहे, जादा कपबश्या, शेजारच्या दोन खुर्च्या. आणि भिंतीवरची पदकं उतरवणं.

पदकं वडिलांची. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्याला राखत जाणाऱ्या नौदलाच्या जहाजावर ते इंजिनियर होते. शौर्याबद्दल त्यांना दोन पदकं मिळाली होती. पण कोल्हापुरात भिंतीवर पदकं दिसली की माणूस एकच प्रश्न विचारतो. आधीच्या स्थळाच्या काकांनी तो विचारला, "कुठलं मैदान मारलं?" वडील म्हणाले, "मी कुस्ती खेळत नाही," आणि त्यांनी पेपर उघडला तो मिटलाच नाही. ते स्थळ गेलं. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. हा मुलगा मात्र बहिणीच्या कॉलेजातला, तिच्या मनातला.

म्हणून चौकट मी कपाटात ठेवली. पाहुणे दाराशी आले आणि वडिलांनी ती काढून पुन्हा खिळ्याला अडकवली.

मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी घेतली, मान वर केली.

"पावणं, पैलवान हुतासा व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारात बहिणीने माझा हात घट्ट धरला.

"नाही. इंजिनावर होतो."

"इंजिनावर? आन् त्येला पदक?" ते मोठ्यानं हसले. "मग आमच्या गड्याला धा द्याय पायजेत की! नदीवरनं उसाला पाणी वडायचं इंजिन त्योच चालीवतोय."

विषय बदलावा म्हणून मी चहा घेऊन पुढे झाले. वडिलांनी मला हातानेच थांबवलं.

"आमचंही पाण्याचंच काम. टॉर्पेडो लागला, जहाजाच्या पोटात पाणी शिरलं. ते बाहेर फेकणारा पंप बंद पडला असता तर सगळेच बुडालो असतो. म्हणून खाली थांबलो."

युद्ध संपून वीसेक वर्षं झाली होती. एवढं ते आमच्याशीही कधी बोलले नव्हते.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "पाणी कुटवर आलतं?"

"छातीपर्यंत."

"आन् पंपाची जाळी? आमच्यात गाळ आला की पयली जाळी तुंबतीया."

"तुंबत होती. बुडी मारून हातानं काढत होतो."

"आरारारा!"

त्यांनी खुर्ची ओढून वडिलांच्या गुडघ्याशी आणली. कपबश्यांचा पंप झाला, चमच्यांचे पाइप. बहीण बाहेर येऊन उभी राहिली, तरी तिला कुणी नाव विचारेना. शेवटी मुलाची आई वैतागली.

"आवं, आपुन पोरगी बघाय आलोय न्हवं?"

"बघितली की! ह्या माणसाची पोरगी हाय, आनि काय बघायचं?" मग वडिलांकडे वळून म्हणाले, "पावणं, सुपारीची तारीख धराय आमच्याकडं या. आन् आलासा की इंजिन बी बघा. लई धूर टाकतंय."

वडिलांनी विचारलं, "काळा का पांढरा?"