तिसऱ्या फेरीला सुटलेली पट्टी

मंडळी, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर खारी खावी तसे वाचतो आणि खाली खवचट प्रतिक्रिया टाकतो. "त्या दिवशी जेवणात काय होतं?" असं प्रत्येकाला विचारणारा तो आगाऊ माणूस मीच. तेव्हा आज माझी यथेच्छ टिंगल करा, हक्कच आहे तुमचा. भूतखेत, भास, संकेत यातलं काहीही मी मानत नव्हतो. आता मानतो की नाही, विचारू नका.

मी दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहतो, ऑफिस अबुधाबीत. बायको मंजिरी हॉस्पिटलमध्ये, आणि मुलगी इरा, वय सतरा. गेल्या जूनमधली गोष्ट. ऑगस्टमध्ये इरा शिकायला कॅनडाला जाणार होती आणि त्याआधी तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती – इथल्या मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर पहाटे होणारी स्की टूरिंगची शर्यत. बाप-लेक किंवा आई-लेक अशी जोडी.

"लिफ्ट नाही, बाबा. वी क्लाइंब," ती म्हणाली.

म्हणजे पायात स्की अडकवून उतार चढायचा, वर पोचल्यावर घसरत खाली यायचं, अशा तीन फेऱ्या. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. वर गेल्यावर ती सोलून खिशात घालायची, खाली आल्यावर पुन्हा चिकटवायची. सगळा खेळ त्या दोन पट्ट्यांवर. शेवटच्या फेरीला दोघांनी वर भेटून, एकत्र खाली येऊन, सातच्या आत रेघ ओलांडायची. एक राहिला तर दोघंही बाद. आणि बाहेरच्या कुणाची मदत घेतली तरी बाद.

पंचेचाळिशी उलटलेला, ढेरी सुटलेला मी 'हो' म्हणालो, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिचं गॅदरिंग, सायन्स फेअर, स्विमिंगची फायनल – प्रत्येक वेळी मी अबुधाबीच्या कुठल्या तरी मीटिंगमध्ये. फोनवर म्हणायचो, "पुढच्या वेळी इन्शाल्ला." एकदा मंजिरीला ती शांतपणे म्हणाली होती, "व्हेन बाबा सेज इन्शाल्ला, इट मीन्स नो." आता पुढच्या वेळा संपत आल्या होत्या.

चार महिने तयारी केली. कितीदा पडलो ते इरा तुम्हाला व्हिडिओसकट दाखवेल.

आता माझा पराक्रम ऐका. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरताना त्या दोन पट्ट्या डिंकाच्या बाजूने एकमेकींना अशा चिकटल्या, की सोडवता सोडवता मी सोफ्यावरून खाली आलो. मराठी घरात चिकट गोष्टीवर दोनच उपाय – खोबरेल तेल नाहीतर पावडर. तेलाने डिंक जाईल एवढी अक्कल मला होती. म्हणून मी कॅरमची पावडर काढली आणि हलक्या हाताने, अगदी स्ट्रायकर फिरवण्याआधी भुरभुरवतो तशी, दोन्ही पट्ट्यांच्या डिंकावर मारली. सुटसुटीत! मंजिरीला अभिमानाने दाखवलंसुद्धा.

"हे असं करायचं असतं?" तिने विचारलं.

"कॉमन सेन्स," मी म्हणालो.

रविवारी सकाळी सहाला शर्यत सुरू झाली. बाहेर त्या वेळेलाही अंग चिकट करणारा उकाडा, आत उणे दोन. दिवे अर्धेच लावलेले, ताज्या बर्फाचा तो पिठासारखा वास. पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत डावी पट्टी कडेने उचलू लागली. खाली येऊन पुन्हा दाबून बसवली. इराने पाहिलं.

"बाबा, इज दॅट पावडर?"

"धूळ आहे. यल्ला, चल तू!"

तिसऱ्या फेरीत वळणावर पोचलो आणि ती पट्टी पूर्ण सुटली. सापाच्या कातेसारखी मागे लोळायला लागली. एक पाऊल वर, दोन खाली. आडवा बसलो, पट्टी दाबली, चिकटेना. खाली उभे असलेले शर्यतीचे मार्शल वळणामुळे दिसत नव्हते. वर इराचं लाल जॅकेट दिसत होतं. ती पोचली होती आणि थांबली होती. हातातल्या घड्याळात सातला अकरा मिनिटं कमी. मी ओरडलोही नाही. काय ओरडणार? पुढच्या वेळी?

तेवढ्यात शेजारी कोणीतरी बसलं.

"काय ओ साहेब, हे काय लावलंव?"

निळं जाडजूड जॅकेट, कान झाकणारी टोपी. बशीरभाई.

बशीरभाई कोण, ते सांगतो. दापोलीकडच्या एका गावचे. या उतारावर बर्फाची मशीन सांभाळायचे, राहायला मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात. इरा सहा वर्षांची असताना शनिवारी तिला इथे क्लासला सोडून मी काचेबाहेर बसून क्लायंटशी बोलत असे. एकदा ते बाहेर येऊन मला म्हणाले होते, "पोरगी आत रडत्येय, नि तुम्ही बाहेर हबीबी हबीबी करताय." तेव्हापासून ओळख. इराचे ओले हातमोजे ते स्वतःच्या जॅकेटच्या आत, पोटाशी धरून गरम करायचे आणि परत तिच्या हातात चढवायचे. ती त्यांना 'बर्फवाले चाचा' म्हणायची. पहिल्यांदा न पडता ती खाली आली, तेव्हा टाळ्या वाजवायला तेच होते. मी कॉलवर होतो.

तर ते शेजारी बसले, आणि मला जराही आश्चर्य वाटलं नाही. उलट मी तक्रारच केली, "बघा ना बशीरभाई, चिकटतच नाही."

"पावडर लावल्यावर काय चिकटणार? द्या इकडं." त्यांनी पट्टी घेतली, डिंकाची बाजू बाहीने खसाखसा पुसली, घडी केली आणि जॅकेटची चेन उघडून आत पोटाशी धरली. "डिंकाला ऊब लागते साहेब. घाई करून काय मिळालं तुम्हाला आजवर?"

एखादं मिनिट गेलं असेल. मग त्यांनी पट्टी बसवली, पुढून मागे अंगठा दाबत नेला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चला. पोरगी थांबल्येय."

मी चढलो. मागे वळून पाहिलं नाही, चढताना बघवतच नाही. वर पोचलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. इराने माझ्या पट्ट्या सोलल्या, दोघं खाली सुटलो, आणि सातला दोन मिनिटं असताना रेघ ओलांडली. शेवटून दुसरे! इराने अशी मिठी मारली की दोघंही पडलो.

मार्शल मुलीने कागदावर सही घेताना विचारलं, "एनी आउटसाइड हेल्प?"

मी तोंड उघडलं... आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. बशीरभाई सहा वर्षांपूर्वीच व्हिसा कॅन्सल करून गावी गेले होते. "खलास साहेब, आता आंबे राखतो," म्हणून निरोप घेतला होता. मी फोन करतो म्हणालो होतो. केला नव्हता. त्यांच्या ईदच्या मेसेजला दरवर्षी एक अंगठा, बस्स.

"नो हेल्प," इराच म्हणाली. "आय वॉज वॉचिंग. ही फिक्स्ड इट हिमसेल्फ." मग माझ्याकडे वळून, "जॅकेटमध्ये ठेवून वॉर्म केलीस ना? हू टॉट यू दॅट?"

तिला वरून मी एकटाच दिसलो होतो.

लॉकरपाशी येऊन बशीरभाईंना फोन लावला. तिकडे साडेआठ वाजून गेले होते. त्यांच्या बायकोने उचलला. नाव सांगताच ओळखलं, पण आवाज घाबरलेला.

"भाई, हे उठतच नाहीयेत सकाळपासून. कधी फजरची नमाज चुकवली नाही यांनी, आज हलवून हलवून दमले. नि हात बघा तर बर्फासारखे गार. इथं घामाच्या धारा लागल्यात, नि यांचे हात गार! लेकाला डॉक्टरला आणायला धाडलंय."

मी खाली बाकावर बसलो. इरा समोर उभी. "बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"भाभी, त्यांच्या कानाशी फोन धरा," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. मग फोन इराला दिला. "बर्फवाले चाचा आहेत. बोल."

ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "चाचा? मी इरा. चाचा, उठा ना."

बराच वेळ पंख्याची घरघर. मग खोकला. मग तो आवाज, झोपेने जड झालेला, "कोन? इरा? किती मोठी झालीस गो..."

ती त्यांच्याशी वीस मिनिटं बोलली. मोडक्यातोडक्या मराठीत. शर्यतीचं, कॅनडाचं, तिथल्या खऱ्या बर्फाचं. मी शेवटी फोन घेऊन विचारलं, "बशीरभाई, रात्री काही स्वप्न वगैरे पडलं का?"

"नाय ओ. मेल्यासारखा झोपलो. थंडी तेवढी वाजत व्हती."

डॉक्टरला काही सापडलं नाही. माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, शुगर लो झाली असेल. माझ्याबद्दल म्हणतो, दमलेल्या मेंदूला हातमोजे आठवले, बाकी तूच केलंस. असेलही. पण मग त्यांचे हात? आणि त्याच सकाळी? मित्र इथे चहा मागवतो.

इरा गेली. सप्टेंबरमध्ये मी आणि मंजिरी दापोलीला जाऊन आलो. बशीरभाईंनी बाग दाखवली, जेवू घातलं, माझ्या ढेरीवरून चेष्टा केली. शर्यतीत त्यांना पाहिल्याचं सांगायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा आंब्यांचंच काहीतरी विचारलं. ते म्हणाले असते, "मी? मी कसा येईन साहेब?"