अंटार्क्टिका, बाबांची उशी आणि मी

मी वर्गात फारसं बोलत नाही. त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसेल, असं सगळ्यांना वाटतं. पण गप्प राहणाऱ्यांकडेच किस्से जास्त साठतात! एकट्या विज्ञान प्रदर्शनाचेच माझ्याकडे इतके झालेत, आणि एकेक आठवला की कान तापतात.

आमचा प्रोजेक्ट अंटार्क्टिकाचा होता. तिथल्या बर्फाचं वजन इतकं, की खालची जमीनच दबते. बर्फ गेला की ती परत वर येते, पण सावकाश, हजारो वर्षं घेत. मॉडेल मी करायचं आणि माझ्या मैत्रिणीने, सायलीने, बोलायचं, असं ठरलं. पहिल्या आलो तर पुढच्या फेरीत जाणार होतो.

*

दाबल्यावर हळूहळू वर येणारी जमीन आणायची कुठून? बाबांची मानदुखीची उशी! मेमरी फोमची. बाबांना विचारायला मी तीन दिवस शब्द जुळवले आणि शेवटी न विचारताच नेली.

दुसऱ्या दिवशी बाबा मान वाकडी करून ऑफिसला निघाले. आई म्हणाली, "अहो, बघताय कुठे?"

"आज दिवसभर बोरिवलीकडेच बघणार!"

मी दूध पीत राहिले.

*

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अंधेरीच्या मासळी बाजारात बर्फाची लादी घ्यायला गेले. बर्फवाल्या काकांनी मला पाहून आवाज खाली आणला. "घरात कोण गेलं काय गं?"

गावाहून माणसं येईपर्यंत मयत ठेवायला लोक त्यांच्याकडूनच लादी नेतात. "नाही" म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी विचारलं, "आजोबा?"

आणि मी मान डोलावली! का, ते मला अजून कळलेलं नाही.

काकांनी हातातलं काम टाकलं, लादी खांद्यावर घेतली आणि ते माझ्याबरोबर घरापर्यंत आले.

दार आजोबांनीच उघडलं.

*

सरावाच्या वेळी मी उशीवर भरलेला कुकर ठेवायचे. तो उचलला की जमीन झकास वर यायची. पण गारठ्याने तो फोम कडक होतो, हे मला कुठे माहीत! परीक्षक शेजारच्या टेबलापाशी असताना आम्ही बर्फ उचलून पाहिला, तर खड्डा जागचा हलेना.

"वाट लागली यार!" सायली कुजबुजली. "कर ना काहीतरी!"

उशी दोन बाकांमधल्या फटीवर होती, आणि बाकांपुढे जमिनीपर्यंत चादर सोडलेली होती. मी चादरीखाली शिरले.

परीक्षक मॅडम आल्या. "अंटार्क्टिकाला बोंबलाचा वास येतो का गं?"

"मॅडम, तिथे मासे खूप आहेत ना!" सायली म्हणाली.

तिने बर्फ उचलला. मी फटीतून हात घालून जमीन वर ढकलली.

"वा! आणि तुझी पार्टनर कुठे?"

"ती जरा लाजाळू आहे, मॅडम."

आम्ही पहिल्या आलो. ज्या मुलींचं मॉडेल खरोखर चालत होतं, त्या दुसऱ्या.

*

सगळे पांगल्यावर आमचे विज्ञानाचे सर पुढच्या फेरीचा फॉर्म घेऊन आले. सायलीचं नाव लिहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं नाव मीच लिहू, की तू सांगशील?"

"सर, जमीन मी खालून ढकलली."

शाळेत इतक्या मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते.

"अगं ए!" सायली म्हणाली.

सर रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. त्यांनी सायलीचं नाव खोडलं आणि दुसऱ्या आलेल्या मुलींची नावं लिहिली.

"तुला आजच तोंड फुटायचं होतं?" सायली डोळे पुसत म्हणाली. मी ओली चादर आवरायला वळले आणि थांबले. बर्फ काढून तास उलटला होता, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि उशीतला खड्डा अगदी हळूहळू, दिसेल न दिसेल असा, वर येत होता.

आम्ही तिघंही बघत राहिलो. खड्डा पूर्ण भरला. मग सरांनी वाकून चादर उचलली आणि आत डोकावून पाहिलं.

"आता खाली कोण आहे?"