खिडकीला पोती, खोलीत भट्टी

मंडळी, माझा संताप अजून उतरलेला नाही. गोरेगाव या आमच्या हळद पिकवणाऱ्या गावात पत्र्याच्या छोट्या खोलीत मी व्हिडिओ एडिटिंग करते. खिडकी एकच. आज दुपारी लग्नाचा व्हिडिओ करताना कॉम्प्युटर सारखा तापून बंद पडत होता. हात लावला तर चटका बसला. बाहेर जाऊन बघते, तर घरमालकांनी खिडकीला हळदीची पोती रचलेली!

"काका, हवा काहून अडवली?"

"खोली तुझी, बाहेरची जागा माझी. पंखा लाव की."

पंखा चालूच होता, गरम हवा फिरवत. मग मी कॉम्प्युटर उचलून त्यांच्याच ओसरीत मांडला. "आता मी रोज इथंच बसून राहणार."

संध्याकाळच्या आत पोती हलली.

पण सांगा, भाडं खिडकीसकट घेतात, मग हवेसाठी भांडावं का लागतं?